बजेट लो, तिकीट मात्र फुल

"लो बजेट आहे ओ, त्या मानानं चांगलं केलंय." हे वाक्य आता बंद झालं पाहिजे, असं माझं सरळ मत आहे. थिएटरातून बाहेर पडताना म्हणा नाहीतर घरी ओटीटीवर बघून झाल्यावर म्हणा, चार जणांत एकजण हे बोलतोच आणि मग बाकीचे तिघं गप्प बसतात, कारण त्याच्यापुढं काही बोललं की गरिबाची टिंगल केल्यासारखं दिसतंय. पिक्चर रद्दड होता हे चौघांनाही कळलेलं असतंय, दोघं तर मधेच मोबाईलात डोकं घालून बसलेले, पण एकदा बजेटचं नाव निघालं की केस बंद.

निमित्त म्हणाल तर जहाजावरचा एक थ्रिलर. इंग्लिश, हिंदीत डब केलेला. नाव लिहीत नाही, त्या एकट्याला धरून हाणण्यात अर्थ नाही, ह्या साच्यातले ढिगानं पडलेत ओटीटीवर, पोस्टरवर धुकं, धुक्यात जहाजाचं टोक आणि खाली लालभडक अक्षरांत नाव. गोष्ट अशी की एक जुनं मालवाहू जहाज, त्यावर सहा-सात माणसं, एक कंटेनर ज्यात काय आहे ते कोणालाच माहीत नाही, पहिल्या रात्री एकजण मरतो, वायरलेस कोणीतरी फोडून टाकतो, लाईट जाते, मग सगळे एकेकटे टॉर्च घेऊन खाली जातात (एकेकटे का? दोघं मिळून का नाही? विचारायचं नाही) आणि शेवटी कळतंय की खुनी कॅप्टनच होता. का होता, तर ते कॅप्टन स्वतःच शेवटच्या पाच मिनिटांत भाषण ठोकून सांगतो, हातात पिस्तूल असताना, समोरच्याला गोळी घालायचं सोडून. डोक्यावर टोपी, तीसुद्धा इस्त्री केलेली, रात्री दोन वाजता.

आता माझा राग कशावर आहे ते सांगतो. ह्यात जे जे खटकलं त्यातलं बरंचसं फुकटात दुरुस्त होण्यासारखं होतं. एक सीन घ्या. बाहेर वादळ चाललंय, म्हणजे तसं आपण समजायचं, कॅमेरा हातात धरून डावीकडं उजवीकडं झुलवलाय, नट मंडळी भिंतीला धरून झोकांड्या खातायत, आणि मधे टेबलावर कपात कॉफी. ती कॉफी हलतच नाही! कप सरकत नाही, कॉफी एका कडेला चढत नाही, वर टांगलेला दिवा शहाण्यासारखा सरळ लोंबतोय, दारामागं अडकवलेला रेनकोट भिंतीला चिकटून. कॅमेरा वाकडा झाला की कॉफी पण त्याच्याबरोबर वाकडी होते. एकदा ते दिसलं की मग पुढं कोण मेलं, कोण जिवंत राहिलं, कशाचं काही वाटत नाही, कारण आपण समुद्रात नाही, कुठल्यातरी बंद पडलेल्या फॅक्टरीच्या तळघरात आहोत हे डोळ्यांनी ठरवून टाकलेलं असतंय. टेबलाखाली एका पोराला बसवून टेबल हलवायला किती पैसे लागतात ओ? दिव्याला दोरा बांधून ओढायला? गरिबाघरची आमटी पातळ असेल, मान्य, पण मीठ विसरायला गरिबी कारण नाही.

उलट थ्रिलरसाठी जहाज ही जगातली सगळ्यात स्वस्त जागा आहे असं मी म्हणेन. थ्रिलर लिहिणाऱ्याला काय काय जुळवावं लागतंय बघा की, माणसं मोजकी पाहिजेत, पळून जायला जागा नको, पोलीस यायला वेळ लागला पाहिजे, फोन लागता नये. शहरात हे सगळं जमवायला लेखकाचा घाम निघतो, मग फोनची बॅटरी संपव, रेंज घालव, पाऊस पाड, असले उद्योग. जहाजावर ते आयतं मिळतंय. चारी बाजूला पाणी, वीस-पंचवीस माणसांचा स्टाफ, त्यात सिनेमासाठी सहा घ्या. एवढं आयतं ताट समोर आलं असताना उपाशी उठायचं म्हणजे कमाल आहे.

आमच्या गल्लीतला एकजण मर्चंट नेव्हीत इलेक्ट्रिकल ऑफिसर आहे. सुट्टीवर आला होता, हा पिक्चर त्याच्याबरोबरच बघितला. तसा आम्हा बेळगाववाल्यांचा समुद्राशी संबंध किती, तर वेंगुर्ल्याहून कारवारहून येणारा बांगडा आणि अधनंमधनं चोर्ला घाट उतरून गोवा. त्यामुळं पिक्चरातली लाईट गेली तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही, लाईट जाते, आमच्याकडं पण जाते. तो मात्र उठूनच बसला. "इमर्जन्सी जनरेटर काय पूजेला ठेवलाय काय गा?" मग त्यानं सांगितलं. जहाजांचे जे आंतरराष्ट्रीय सुरक्षा नियम आहेत, सोलास म्हणतात त्याला, त्यात असं आहे की मेन पॉवर गेली की इमर्जन्सी जनरेटर पंचेचाळीस सेकंदांच्या आत आपोआप चालू झाला पाहिजे, आणि तो इंजिनरूममध्ये नसतो, वर वेगळ्या खोलीत असतो, म्हणजे खाली आग लागली, पाणी शिरलं तरी तो वाचावा. बरं वायरलेस फोडला म्हणून काय झालं, बाहेर डेकवर एक इपर्ब असतो, जहाज बुडालं तर पाण्याच्या दाबानं आपोआप सुटून वर तरंगतो आणि थेट सॅटेलाईटला सिग्नल पाठवायला लागतो, आणि बुडायची वाट बघायला पण नको, हातानं पण चालू करता येतोय. ह्यांच्या पिक्चरात इपर्बचं नावच नाही.

आता कोणी म्हणेल, हे असले बारकावे कोण बघतंय, सामान्य प्रेक्षकाला काय कळतंय. मुद्दा तो नाहीच. मुद्दा असा आहे की हे लेखकाला माहीत असतं तर त्याचा पिक्चर चांगला झाला असता. समजा तुम्हाला माहीत आहे की पंचेचाळीस सेकंदांत लाईट परत यायला पाहिजे. मग ती येत नाही. एक मिनिट झालं, दोन झाली. आता जहाजावरच्या प्रत्येकाला कळलेलं आहे की हा नुसता बिघाड नाही, वरच्या त्या खोलीत जाऊन कोणीतरी जनरेटर ऑटोवरनं काढून ठेवलाय, आणि हे करायला येणारी माणसं सातांत दोनच आहेत. बघा, एक रुपया खर्च न करता संशय सातावरनं दोनावर आला, आणि त्या दोघांनाही ते कळलंय, आणि दोघांतला एक निर्दोष आहे. हा थ्रिलर झाला की नाही? ह्यांनी काय केलं तर लाईट घालवली आणि रात्रभर टॉर्च मारत हिंडले.

आवाजाचं पण तसंच. पिक्चरातलं जहाज वाचनालयासारखं शांत, बुटांचा आवाज तेवढा टक टक. आमचा मित्र म्हणाला जहाजावर शांतता अशी नसतेच, बंदरात उभं असलं तरी जनरेटर चालूच असतोय, झोपताना तो आवाज उशीतनं येतो आणि दोन दिवसांत ऐकू यायचा बंद होतो. आणि ब्लॅकआऊट झाला की झोपलेली माणसं जागी होतात ती अंधारानं नाही, आवाज थांबला म्हणून. हे ऐकूनच माझ्या अंगावर काटा आला, खरं सांगतो, अख्ख्या पिक्चरात एकदाही आला नव्हता.

पण त्यानं सांगितलेल्या गोष्टींत सगळ्यात भारी होती ती बंद टाकीची. जहाजावर अशा बऱ्याच जागा असतात ज्या महिनोन्‌महिने बंद असतात, पाण्याच्या टाक्या, नांगराची साखळी ठेवायची जागा, माल भरून बंद केलेले होल्ड. लोखंड गंजतं म्हणजे काय होतं तर ते हवेतला ऑक्सिजन खातं. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन असतो 20.9 टक्के, आत तो कमी होत जातो, आणि ते दिसत नाही, वास येत नाही, गुदमरल्यासारखं पण होत नाही, माणूस शिडीवरनं खाली उतरतो आणि उभ्याउभ्या कोसळतो. वरनं त्याचा दोस्त बघतो, त्याला वाटतं घसरून पडला, तो वाचवायला उतरतो, तो पण कोसळतो. मग तिसरा. असे एकामागोमाग दोन-तीन जीव गेलेत जगभरच्या जहाजांवर, आणि म्हणूनच नियम आहे की हवा तपासल्याशिवाय आत जायचं नाही, वर एक माणूस उभा पाहिजे, आणि त्या वर उभ्या असलेल्या माणसानं काही झालं तरी एकट्यानं खाली उडी घ्यायची नाही, आधी अलार्म द्यायचा. 2015 पासून तर दर दोन महिन्यांनी ह्याचं ड्रिल सक्तीचं केलंय.

आता हे डोळ्यापुढं आणा. एक गोल झाकण उघडं आहे, एक माणूस वर वाकून बघतोय, खाली त्याचा मित्र पडलाय, हात हलतोय की नाही कळत नाही. उतरावं तर मरणार, थांबावं तर तो मरणार. आणि समजा त्याला मागनं कोणीतरी सांगतोय, "जा की, बघतोस काय, उतर!" आणि सांगणाऱ्याला आत काय आहे ते पक्कं माहीत आहे. म्हणजे खून झाला, हत्यार नाही, रक्त नाही, मेकअप नाही, स्पेशल इफेक्ट नाही, एक लोखंडी झाकण आणि तीन नट. हे सुचायला पैसे लागत नाहीत, कोणातरी जहाजवाल्याला चहा पाजून तासभर ऐकत बसावं लागतंय. त्या पिक्चरच्या लेखकानं तेवढं केलेलं नाही. त्यानं आधीचे चार जहाजाचे पिक्चर बघून पाचवा लिहिलाय, आणि त्या चौघांनी पण तेच केलेलं असणार.

खऱ्या जगात तर काय काय घडतंय. इजिप्तमध्ये सुएझजवळ 2017 साली एमव्ही अमान नावाचं एक मालवाहू जहाज कागदपत्रांच्या भानगडीत अडकलं. मालकानं हात वर केले, आणि कोर्टानं जहाजावरच्या एका सीरियन अधिकाऱ्याला त्या जहाजाचा कायदेशीर राखणदार केलं. झालं, आता तो जहाज सोडून जाऊ शकत नाही. बाकीचे एकेक करून निघून गेले आणि शेवटी तो एकटा, डिझेल नाही, म्हणजे लाईट नाही. पुढं वादळात जहाज वाहत किनाऱ्याजवळ आलं तेव्हा तो पोहत जाऊन खायला आणायचा आणि मोबाईल चार्ज करून परत त्याच जहाजावर पोहत जायचा. 2021 मध्ये सुटला. जवळजवळ चार वर्षं. ह्याच्यापुढं तुमचा तो धुक्यातला खुनी म्हणजे अगदीच बालवाडी.

आता दुसरी बाजू. पैसे लागत नाहीत असं मी म्हणत नाहीये. समुद्रात शूटिंग म्हणजे पैशाचा चुराडा, हे त्या धंद्यातला कोणीही सांगेल. स्पीलबर्गचा जॉज, 1975 चा, पंचावन्न दिवसांचं शेड्यूल होतं ते 159 दिवसांवर गेलं, कारण यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बंद पडायचा. पण त्यातनं झालं काय, तर शार्क दाखवताच येईना म्हणून तो बराच वेळ नुसता जाणवत ठेवला, आणि लोक त्या न दिसणाऱ्या शार्कलाच जास्त घाबरले. म्हणजे अडचण आली तेव्हा डोकं चालवलं. हिचकॉकनं तर 1944 मध्ये अख्खा पिक्चर एका लाईफबोटीत केला, स्टुडिओच्या टाकीत, माणसं आणि बोट, बस. त्याला आपल्या बहुतेक पिक्चरांत स्वतः एकदा तोंड दाखवायची हौस, आता बोटीत कुठनं येणार, तर बोटीतला एकजण पेपर वाचत असतो आणि त्या पेपरात वजन कमी करायच्या औषधाच्या जाहिरातीत हिचकॉकचा फोटो! आणि 2003 चा ओपन वॉटर, नवरा-बायकोनं मिळून केलेला, साधारण सव्वा लाख डॉलरमध्ये, म्हणजे हॉलिवूडच्या हिशोबानं चहापाण्याचे पैसे, समुद्रात विसरून राहिलेलं एक जोडपं आणि खरे शार्क. तोही लो बजेटच होता ना? त्याला कोणी "त्या मानानं" म्हणत नाही.

इतकं लांब कशाला जायचं, निपाणी आमच्याच जिल्ह्यात आहे. अत्र्यांचं नाटक तो मी नव्हेच, 1962 चं, त्यातला लखोबा लोखंडे कुठला, तर निपाणीचा तंबाखूचा व्यापारी. प्रभाकर पणशीकर एकटे पाच वेषांत, फिरता रंगमंच, आणि चाललंय काय तर कोर्टातली केस. त्यात रहस्य म्हणून काय आहे सांगा? हाच तो भामटा आहे हे आपल्याला आधीपासनं माहीत आहे, तो कोर्टाला शांतपणे "तो मी नव्हेच" म्हणतोय आणि आपण खुर्चीच्या कडेला. म्हणजे माहिती लपवून ठेवली की थ्रिलर होतो हा जो गैरसमज आहे, तो आमच्या निपाणीच्या लखोबानं कधीच मोडीत काढलाय. त्या जहाजवाल्यांनी कॅप्टन खुनी आहे हे पहिल्या वीस मिनिटांत आपल्याला सांगून टाकलं असतं आणि जहाजावरच्या बाकीच्यांना सांगितलं नसतं, तर प्रत्येक जेवणाच्या टेबलावर तो कोणाच्या ताटात काय वाढतोय हे आपण जीव मुठीत धरून बघितलं असतं. तेच नट, तोच सेट, तेवढेच पैसे.

आणि खेडेगावातली जत्रेतली नाटकं. खानापूरकडं, चंदगडकडं अजून होतात. एका नाटकात होडीचा प्रवेश बघितला होता, होडी म्हणजे काय तर दोन बांबू आणि त्याला गुंडाळलेलं निळं लुगडं, पण लाईटवाल्यानं काय केलं, वरचा एक बल्ब वायरीला धरून हळूहळू झुलवत ठेवला, बाकी सगळा अंधार. सावल्या डावीकडं गेल्या की पुढच्या रांगेतली पोरं पण डावीकडं कलायची. एका बाईनं तर मांडीवरचं पोर घट्ट धरलं. एका बल्बात समुद्र! आणि इथं कोट्यवधी (कमी बजेट झालं तरी ते डॉलरमधलं कमी असतंय हे विसरू नका) खर्चून कॉफी सरळ.

आमच्या सीमाभागातल्या माणसाला अजून एक फायदा आहे, आम्ही कन्नड पिक्चर पण बघतो, राजकारण काय असायचं ते असू दे. पवन कुमारचा लूसिया, 2013 चा, निर्मात्यांनी दारं लावल्यावर त्यानं लोकांकडनंच पैसे मागितले आणि पन्नास लाखांच्या आसपास जमवून पिक्चर केला. मग 2016 मध्ये त्याचाच यू टर्न. त्याची कल्पना काय, तर बंगळूरच्या एका फ्लायओव्हरवर लोक डिव्हायडरचे दगड सरकवून बेकायदा यू टर्न मारतात आणि दगड तिथंच टाकून जातात. बस. रोज डोळ्यासमोर दिसणारी गोष्ट, कोणीतरी थांबून विचार केला की त्या पडलेल्या दगडाला धडकून कोणी मेलं तर? दगडाचं बजेट काय धरायचं?

म्हणून मी म्हणतो की लो बजेट हे पिक्चर पडायचं कारण नसतंय, ते पडल्यावर शोधलेलं कारण असतंय. आणि हे फक्त त्या इंग्लिश जहाजापुरतं असतं तर मी एवढं लिहिलं पण नसतं, त्याला आमच्या टीकेनं काय फरक पडणार आहे. मला खरं बोलायचंय ते आपल्या मराठी सिनेमाबद्दल, आणि त्यातही इथल्या, बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या प्रेक्षकाबद्दल.

बेळगावात मराठी पिक्चर लागला की तो नुसता पिक्चर राहत नाही. 1956 पासनं जे चाललंय, 2004 पासनं सुप्रीम कोर्टात जे पडलंय, ते सगळं त्या तिकिटाला चिकटून येतंय. व्हॉट्सॲपवर मेसेज येतात, मराठी माणसानं सहकुटुंब बघितलाच पाहिजे, शो टिकवायचाय, आपली ताकद दाखवायची आहे. जाऊन बघितला, पिक्चर भंगार, मग बाहेर आल्यावर बोलायचं काय? काही बोललास की "तूच असं बोललास तर कसं व्हायचं." म्हणजे लो बजेटवर मराठी, आणि मराठीवर सीमाभाग, असं तीन-तीन ठिकाणी डिस्काउंट देऊन झाल्यावर मग मार्क द्यायचे. तिकिटाला मात्र डिस्काउंट कुठनं नाही. कमी पैशात केलेल्या पिक्चरचं तिकीट कमी असतंय असं मी तरी बघितलेलं नाही. चौघांचं तिकीट, मध्यंतरातले पॉपकॉर्न, वडगावहून यायचं-जायचं पेट्रोल, हे ज्याच्या खिशातनं जातंय त्या माणसाचं बजेट काय हाय असतंय होय? त्याला कोणी सांभाळून घेत नाही.

ह्यावर आमचे एक काका, रिटायर मास्तर, माझ्यावर चिडतात आणि त्यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. ते म्हणतात, "आधी थिएटर भरू दे, मग काय ती अक्कल पाजळ. इथं मराठी शो लागायचेच मोजके, त्यात तुमच्यासारखी पोरं पहिल्या दिवशी वाईट लिहितात, दुसऱ्या दिवशी हॉल रिकामा, तिसऱ्या दिवशी शो गेला. पुढच्या वेळी थिएटरवाला मराठी पिक्चर घेईल काय?" हे खरं आहे. थिएटरवाल्याला भाषेचं काही पडलेलं नसतंय, त्याला खुर्च्या मोजायच्या असतात.

पण काका, उपकार म्हणून आलेला माणूस एकदाच येतो. त्याला शब्द देऊन नेलेला असतो की भारी आहे, थ्रिलर आहे, शेवट बघून हादरशील, आणि तो दोन तास जांभया देऊन, बायकोची बोलणी खाऊन घरी येतो. पुढच्या वेळी खरंच चांगला मराठी पिक्चर लागतो, त्याला मेसेज येतो, आणि तो मेसेज वाचून म्हणतो, मागच्या वेळी पण असंच लिहिलं होतं. मार बसतो तो त्या चांगल्याला. वाईट पिक्चरवाला पहिल्या आठवड्यातली आमची भावना घेऊन कधीच निघून गेलेला असतोय.

आणि गंमत म्हणजे हेच काका एकांकिका स्पर्धेला गेले की कसाई होतात. तिथं बजेट किती असतंय? कॉलेजच्या पोरांचे वर्गणीचे पैसे, भाड्यानं आणलेले पडदे, कोणाच्या तरी घरची खुर्ची. तिथं काका गरिबीचे मार्क देतात काय? नाव नको. मध्यंतरात पोरं जवळ आली की तोंडावर सांगतात, "तुझा शेवट आधीच कळला मला," "ती पोरगी मेल्याचं तुला दुःख झालं नाही, तर मला कशाला होईल." पोरं मान खाली घालून ऐकतात आणि पुढच्या वर्षी सुधारून येतात. पु. ल. देशपांडे आमच्या आरपीडी कॉलेजात शिकवायला होते, त्यांनी बेळगावच्या रावसाहेबांचं जे व्यक्तिचित्र लिहिलंय ते आठवा, कलाकारावर जीव ओवाळून टाकणारा आणि त्याच तोंडानं शिव्या घालणारा माणूस. असली माणसं ज्या गावानं बघितलीत, अण्णासाहेब किर्लोस्कर ज्या मातीत 1843 मध्ये गुर्लहोसूरला जन्मले, त्या मुलखानं सिनेमा म्हटल्यावर एकदम इतकं गोडगोड का व्हायचं? नाटकाला लावतो तीच फूटपट्टी पिक्चरला लावूया एवढंच तर म्हणणं आहे.

वाईट म्हणायची पण एक पद्धत असते, ते मला मान्य आहे. "बकवास, पैसे वाया" असं लिहून एक स्टार देणारे जे आहेत त्यांचा पण काही उपयोग नाही, त्यांच्यात आणि "त्या मानानं"वाल्यांत फरक कमीच, दोघांनीही पिक्चर नीट बघितलेला नसतो. कुठं पडला ते सांगा. कॉफी हलली नाही हे सांगा. मधला अर्धा तास तीच तीच बोळातली भिंत चार वेळा दाखवलीत, त्या भिंतीवरची पाईप आणि तिच्यावरचा गंजाचा डाग आम्ही ओळखला, हे सांगा. आणि जे चांगलं होतं ते पण सांगा की, त्या जहाजाच्या पिक्चरात कूकचं काम केलेला नट फार चांगला होता, कांदा चिरता चिरता मागं पावलं वाजतात तेव्हा त्यानं मान वळवली नाही, फक्त सुरी थांबवली. दहा सेकंदांचं काम, पण तेवढ्यापुरता तो थ्रिलर होता. दिग्दर्शकाला ते कळलं नसावं, कारण पुढच्याच सीनमध्ये कूकला मारून टाकलाय.

तर आमच्या भागातलं कोणी पोरगं कमी पैशात पिक्चर करायला निघालं असेल, आणि निघालेली आहेत, मोबाईलवर शॉर्ट फिल्म करणारी तर गल्लोगल्ली आहेत, तर त्यानं प्रीमियरला हार घालायला आम्हाला बोलवू नये. शूटिंगच्या आधी बोलवावं. स्क्रिप्ट घेऊन यावं, कोणाच्या तरी माळ्यावर आठ-दहा जण बसू, त्यात एक जहाजवाला बसवू, एक वकील, एक लाईटखात्यातला वायरमन, आमचे काका तर हक्कानं, आणि पहिल्या पानापासनं मोठ्यानं वाचू. जिथं कोणीतरी "हां, पण तो पळून का जात नाही?" असं विचारील तिथं थांबायचं आणि त्याला उत्तर सापडल्याशिवाय पान उलटायचं नाही. चहा, भजी आमच्याकडनं.